पायताणांवरून माणसं ओळखणारे गुरुजी

मंडळी, देवाला हात जोडून झाले, आता जरा एकमेकांकडे बघा. डावीकडे बघा, उजवीकडे बघा. ओळखता ना सगळ्यांना? माना तर जोरात हलल्या. मग माझा साधा प्रश्न — माणूस ओळखायला किती वेळ लागतो? आपण तर तो उंबऱ्यात असतानाच ठरवून मोकळे होतो. हा शिष्ट, ती भांडखोर, तो चेंगट. पाहुण्याचा चहा संपायच्या आत आपला निकाल लागलेला! हा निकाल खरा असतो का? मला नीट उत्तर देता येईल अशी खात्री नाही, म्हणून गोष्ट सांगतो. गोष्ट माझ्यापेक्षा शहाणी आहे.

पळसवडी नावाचं गाव. गावात महादेवाचं देऊळ. श्रावणात रोज दुपारी तिथं पोथी लागायची. त्या वर्षी वाचायला नवे गुरुजी होते — विश्वनाथ टेंभे. शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, लेकीकडे राहायला आलेले. वाचायला लागले की देवळातली पोरंसोरंही गप्प बसायची. पण पोथी मिटली की हाच माणूस मुका! रस्त्यात कोणी रामराम घातला तर हे नुसते बघत राहायचे. देवस्थानचे मुख्य पंच शंकरअण्णा देसाई स्वतः घरी जाऊन, तासभर बसून त्यांना पोथीचं आमंत्रण देऊन आले. दुसऱ्याच दिवशी बाजारात गुरुजी त्यांच्या शेजारून सरळ निघून गेले.

अण्णा घरी येऊन म्हणाले, "एवढा शिष्ट माणूस उभ्या आयुष्यात पाहिला नाही."

झाला निकाल. गावाने त्यावर शिक्का मारला.

आता देवळाच्या दारात बेलफुलं आणि हार विकायला बसायची चंद्राबाई. तिची नजर म्हणजे — जाऊ द्या, अशी एक बाई प्रत्येक देवळाच्या दारात असते, तुम्ही हसलात म्हणजे तुमच्याही इथं आहे. तिने एक पाहिलं. सगळे आत बसले की गुरुजी मागून येणार, पायऱ्यांशी थांबणार, आणि चपलांच्या रांगेवरून वाकून हळूहळू फिरणार. एखादी तर उचलून, उलटी करून बघणार! मंडळी, तुम्ही काय समजला असता? खरं सांगा, देवळात आहात.

आणि तिसऱ्या सोमवारी व्हायचं तेच झालं. पोथी संपली, गर्दी पांगली, आणि अण्णांच्या कोल्हापुरी चपला जागेवर नाहीत. गुरुजींच्या चपला सोडल्या, तर तिथं एकच जोड उरलेला. अण्णांनी पाय घालून पाहिला, तर टाच बाहेर.

"ह्या माझ्या नव्हेत."

चंद्राबाई म्हणाली, "अण्णा, बोलू का नको असं झालंय. पर गुरुजी रोज चपला चाचपत्यात. म्या डोळ्यांनी बघितलंय."

गुरुजी आत पोथीला कापड गुंडाळत होते. अण्णांनी हाक मारली. "गुरुजी, रोज इथं वाकून काय बघता, तेवढं सांगा. नाहीतर उद्यापासून पोथी दुसरं कोणी वाचेल."

गुरुजींचे हात पोथीवरच थांबले. मंडळी, पोथी गेली असती तर त्यांचं काय गेलं असतं, ते आधी समजून घ्या. दिवसाच्या चोवीस तासांत तेवढा एकच तास हा माणूस माणसांत न घाबरता बसायचा. आणि तो तास राखायचा, तर साठ वर्षं लपवलेली गोष्ट दारात उभं राहून सांगायला हवी होती. गप्प राहून घरी जावं, असं त्यांच्या मनात आलं. पण पोथी काही त्यांच्या हातून सुटेना.

"अण्णा — अण्णाच ना आपण? आवाज त्यांचा वाटला म्हणून म्हणतो. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. डोळे चांगले आहेत, अक्षर बारीक असलं तरी दिसतं. पण चेहरा पाहिला आणि वळलो, की पाटी कोरी. एकदा एस.टी. स्टँडवर बायकोलाच म्हणालो, बाई, जरा सरकता का?"

चंद्राबाईला हसू आलं. "मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, सरकते, पण घरी आल्यावर बोलू. ती होती तोवर कानाशी नाव सांगायची. आता चपला बघतो. जाताना लोक एकमेकांना नावानं हाका मारतात, तेव्हा कोणाच्या पायात कुठली ते बघून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी इथं पाठ करतो, म्हणजे बाहेर पडताना पायांकडे बघून तरी नावानं बोलावता येईल. पण माणसं पुढं आली की धीर होत नाही. चुकलो तर?"

अण्णांचा विश्वास बसेना. "बरं, ही कोणाची?" त्यांनी उरलेला जोड पुढं सरकवला.

गुरुजींनी तो उचलला. "ही रामभाऊ सुतारांची. ते उजव्या पायावर भार देतात, म्हणून ही टाच आतून झिजलीय. डावा पाय दुखत असेल, पण ते बोलत नसतील. तुमच्या चपला चुकून त्यांच्या पायात गेल्या असतील."

"आन् माझी?" चंद्राबाईने विचारलं.

"तुमच्या चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलाय, बाई. हाराचाच दोरा आहे. सगळ्या गावाचे हार नीट बांधता, आणि स्वतःची चप्पल तशीच ओढता."

चंद्राबाईने पाय पदराखाली घेतले. या बाईकडे इतकं निरखून कोणी पाहिलंच नव्हतं.

अण्णा अनवाणी रामभाऊंकडे गेले. चपला तिथंच होत्या. आणि रामभाऊंचा डावा गुडघा वर्षभर दुखत होता, हे घरातल्यांनाही त्या दिवशी कळलं!

दुसऱ्या दिवशी गुरुजी पोथी उघडून मान खाली घालूनच बसले होते. अण्णा आले, त्यांच्यासमोर थांबले. ज्या माणसाला त्या गावात कधी नाव सांगावं लागलं नव्हतं, त्याने हात जोडले.

"गुरुजी, मी शंकर देसाई."

मागून रामभाऊ. "मी रामभाऊ सुतार. गुडघ्याला तेल लावलंय." मग चंद्राबाई, मग एकामागून एक सगळं देऊळ. गुरुजी प्रत्येकाला नावानं "या, बसा" म्हणत होते. डोळे इतके भरले होते, की चेहरे लक्षात राहणारे असते तरी त्या दिवशी दिसले नसते. पोथी अर्धा तास उशिरा सुरू झाली, आणि कोणी घाई केली नाही.

मंडळी, आता तुमच्याकडे येतो. तुम्हीही कोणाचा तरी निकाल लावून बसला आहात, मीही आहे. शेजारी बसलेल्याला त्याची एक अशी गोष्ट विचारा, जी तुम्हाला ठाऊक नाही. आणि आपली एक सांगा. लाजू नका, गुरुजींना जमलं तर तुम्हालाही जमेल. आरती तेवढी थांबेल. देवाला आपलं सगळं आधीच ठाऊक आहे, त्याची हरकत नसेल.