उन्हाला बिल न्हाई

मी पारव्वा, माहेर कलघटगीकडचं, लगीन होऊन अळणावरजवळच्या ह्या गावात आले तवा विहीर एकच, आमची नि धाकट्या दिराची, आणि पाळी ठरलेली, एक दिवस आमचं रान, एक दिवस त्यांचं. मोटारीला करंट यायचा तो अवेळी, तोबी घटकाभर, आम्ही शिव्या घालायचो, खरं आता कळतंय, त्या मेल्या करंटामुळंच विहिरीला दम खायला मिळत होता.

आमचे मालक हुबळीत गोकुळ रोडला वर्कशॉपात कामाला, शेत माझ्याच अंगावर. काय सांगू तुम्हाला, माझी मिरची बघून हुबळीचा व्यापारी म्हणायचा, अक्का, दुसऱ्या कुणाला देऊ नको. ते असू द्या. मग सोलारचा पंप आला, सरकारचा वाटा मोठा, आमचा थोडा, एका विहिरीवर एकच म्हणून दिराच्या नावावर घातला. दीर देवासमोर बोलला, वैनी, पाळी मोडणार न्हाई.

मोडली न्हाई हो त्यानं पाळी! शी! त्याच्या दिवशी सूर्य उगवल्यापास्नं बुडूस्तोर पंप चालू. ऊस लावला, वर शेजारच्यांना तासावर पाणी विकायला लागला. बंद कर की रे म्हटलं तर म्हणतो, उन्हाला बिल न्हाई वैनी, बंद ठेवून त्याचं काय लोणचं घालू? आणि माझ्या दिवशी पाइपातनं नुसता गाळ नि वारा. मिरची उभ्या-उभ्या वाळली. ऊन फुकट, मान्य, खरं पाणी काय तुझ्या बापाचं? असं बोलून गेले, मग ध्यानात आलं, बाप म्हणजे माझा सासराच की, त्यानंच खणली ती विहीर, दोघा लेकांसाठी.

खंडेनवमीला हाच आला दारात, तोंड वर करून, वैनी, तू थोरली, पंपाची पूजा तुझ्या हातनं. किळस आली बघा. गेले तरीबी. त्या काचेच्या पत्र्यांना कुंकवाचं बोट लावलं न्हाई, सरळ विहिरीवर गेले नि दरवर्षीसारखा गंगव्वाचा, पाण्याच्या देवीचा, नारळ आत सोडला. समदी कान देऊन उभी. पाण्याचा आवाज आलाच न्हाई. नारळ खडकावर फुटला.

दीर खाली मान घालून घरला गेला, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्याबरोबर पंप चालू. थू! आता मी बोलायचं सोडलंय.

तुम्ही लांबनं आलाय, देव बरं करो तुमचं. पाणी प्या. तांब्यात उरलं तर ओतून देऊ नका हं, दाराशी मिरचीचं एक रोप जगवलंय, त्याला घाला.