मोडलेला कोपरा

अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला लोक शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहतात. माणसं कमी पडली की तो कोपरा मोडतो, मग दुसरा गाठायचा. यंदाच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात एक म्हातारं जोडपं माझ्या शेजारी टीव्हीवर निकाल बघत बसलं होतं.

“मार्लिस, जिंकलं कोण?”

“तिघंही म्हणताहेत, आम्हीच.”

“तिसरा आलेलासुद्धा?”

“तो तर नाचतोय.”

“आणि पहिला तोंड पाडून बसलाय! काही कळत नाही बुवा.”

“तुला कालपासूनच काही कळत नाहीये, डेल.”

“का? तुझा कोपरा मोडला, तर सरळ माझ्या कोपऱ्यात यायचं ना!”

“मला बोलवायला कोण आलं?”

“बायकोला काय बोलवायचं?”

“पलीकडच्या कोपऱ्यातली पोरगी आली. खुर्ची दिली. गुडघा फार दुखतोय का, विचारलं.”

“म्हणून तिच्या उमेदवाराला मत? त्याचं नाव तरी माहीत आहे?”

“नाही. तिचं माहीत आहे.”

डेलने मान टीव्हीकडे वळवली.

“बघ, आता चौथाही जिंकलो म्हणतोय.”

“मार्लिस, कुठला गुडघा?”