तक्रार क्रमांक त्रेचाळीस

नाई नाई सचिन, पडद्यावरचा तो पत्त्याचा डाव बंद नको करू — सकाळपासून अडकला हाये, पन राहू दे तसाच. बस. चाय ठेवाले सांगतली हाये. तं मी काय म्हणत होतो — ज्याच्यावर कम्प्युटर चालते ते हे नवं लिनक्स काढ अन् जुनं परत टाकून दे. काऊन? आता काऊन म्हणजे... याचं रूप तं पाय! चौकोनी चित्रं होती, ती गोल झाली. पट्टी कोपऱ्यात होती, ती मधात येऊन बसली. पहिले बटन दाबलं का मी पेपर वाचून येवो, तवा कुठं पडदा उजळे. आता खुर्ची ओढतो न ओढतो तं हे तयार! मानसानं दम घ्यावा तरी कवा? प्रिंटरचं तं विचारूच नको — त्याची अन् याची ओळख करून देता देता दुपार जाये. आता तार लावली का दोघं जुने सोयरे. सांज झाली का उजेड आपल्याच मनानं कमी करते. मराठी बी सरळ उमटते, जोडाक्षर फुटत नाई.

तारीफ? तारीफ नाई करून राह्यलो, तक्रारच सांगून राह्यलो. हे पाय रजिस्टर. हसू नको — तीस वर्षं सिंचन खात्यात बाबू होतो, नोंदीबिगर काम नाई केलं. तक्रार क्रमांक एक्केचाळीस, आवाज गेला. बेचाळीस, पडदा उलटा झाला, नंदिनीनं चाळीस मिनिटांत सुलटा केला. नंदिनी म्हणजे आमची पोट्टी, बंगलोरले असते, याच कामात. मी फोनवर तिले पडद्यावरचा नंबर वाचून दाखवो, का ती तिथून इकडच्या पडद्यावर ये — माउसचा बाण आपोआप फिरे बाप्पा! अन् ती बोलत जाये, बाबा हे काय केलं, बाबा ते काऊन दाबलं... अन् त्रेचाळीस? रकाना कोरा. महिना झाला. ती घरी आलती तवा हे नवं टाकून गेली — म्हणे, बाबा, आता तुमाले त्रास नाई, नंबर बी वाचाचं काम नाई, मले वाटलं तवा मी तिथूनच पडद्यावर येत जाईन. आली का? काहीच बिघडत नाई तं येते कायले!

तसा मी प्रयत्न केला. म्हणजे — बरं, तुले सांगाले काय लाज. फाइली उडवल्या, तं हे म्हणते कचरापेटीत ठेवल्या हायेत, पाहिजे तं घ्या. पडदा उलटा केला, तं थोडी वाट पाहून आपणच सुलटा झाला. आत खोल शिरलो, तं पासवर्ड मागते, अन् तो तिच्यापाशी. सरकारी मानसाले इतकं चोख काम सोसत नाई!

हो, बेचाळीसवाला बी मीच उलटा केलता. हळू बोल, तानाबाई, माही बायको, सैपाकघरात हाये. गोष्ट फुटू नये म्हणून तं देवळीहून तुले इकडं नालवाडीले बोलावलं — वर्धेच्या दुकानदारानं गावभर केलं असतं. तसं तानाबाईले सारं ठाऊक हाये, पन ऐकलं का पुन्हा सुरू होते. म्हणते, सरळ फोन करा ना पोरीले. करतो ना! पन बोलू काय? जेवली का — जेवली. पानी आलं का — आलं. संपलं. मायशी अर्धा तास बोलते, भाजीपासून शेजारणीपर्यंत. मले विचारते, बाबा, कम्प्युटर ठीक हाये ना? ठीक हाये म्हटलं का फोन चालला सैपाकघरात! बापाले बोलाले एखादा बिघाड तं लागते का नाई? आठवण येते म्हणू का सरळ? पासष्टाव्या वर्षी? तुही पोरगी केवढी हाये — दुसरीत? मंग तुले नाई समजाचं. चल, घाल तो पेनड्राइव्ह अन् —

थांब. माउसले हात लावला तू? नाई? मी बी नाई लावला. मंग हा बाण काऊन... पाय पाय, चालला! बदामची सत्ती धरली... इस्पिकच्या अठ्ठीवर... ठेवली! अरे बापा, सकाळपासून दिसलीच नाई मले! नंदीच होय. लहानपणी बी अशीच, माह्या खांद्यावरून हात घालून पत्ता ठेवे अन् पळून जाये. पन आता पळाली नाई... बाण थांबला हाये तिथंच. काहीच बिघडलं नसताना आली पोट्टी.

काढ तो पेनड्राइव्ह. काढ लवकर. चाय? चाय पुढच्या खेपेले. जाजो आता, अन् दार ओढून घेजो — माही पाळी हाये.