आजाराला नाव असतं

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय हैबतराव, व्यासपीठावरचे पाहुणे, पालक, सहकारी शिक्षक, विद्यार्थी मित्रांनो, आणि ज्यांच्यासाठी ही शाल आणली ते आज निवृत्त होणारे आपले मुख्याध्यापक दिनानाथ सर,

अठरा वर्षांपूर्वी लग्न होऊन मी जोह्याला आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आपल्या घरातले पुरुष खाटेला नाय खिळत गो, उभ्याउभ्या जातात." अभिमानाने म्हणाल्या होत्या. सासरे एक्केचाळिसाव्या वर्षी शेताच्या बांधावर गेले, चुलतसासरे पेणच्या एसटी स्टँडवर. पुण्यवान मरण, म्हणायचे सगळे. मीही म्हटलं असेन.

सर माझे थोरले दीर, म्हणून घरचं माणूस या नात्याने मला बोलायला सांगितलंय. सरांची शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. मूल एक दिवस आलं नाही, तरी कारणाची चिठ्ठी हवी. 'आजारी होता' एवढं चालत नसे. "आजाराला नाव असतं," म्हणायचे आणि चिठ्ठी परत पाठवायचे. कासूच्या धोंडुबाई नातवाची चिठ्ठी तिसऱ्यांदा घेऊन आल्या तेव्हा वैतागून म्हणाल्या, "गालगुंड हाय पोराला! आता काय, गाल घेऊन येऊ?" हसा, सरही हसताहेत.

सहा वर्षांपूर्वी माझे पती सुशील गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवत होते. ब्रश धुवायला उठले आणि कोसळले. वय अडतीस. पेणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, शवविच्छेदन करू, कारण कळेल. सर म्हणाले, "कापाकापी नको. पुण्यवान गेला माझा भाऊ." मलाही ते नकोच होतं. त्यामुळे आजचा माझा राग निम्मा माझ्यावरच आहे.

पण सर, जो माणूस कायमचा गैरहजर झाला, त्याची चिठ्ठी तुम्ही का नाही मागितलीत?

गेल्या वर्षी माझी रोहिणी कबड्डी खेळताना चक्कर येऊन पडली. तपासणीत कळलं, हृदयाचा स्नायू जाड झालाय, बहुधा वडिलांकडून आलेला आजार. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांच्या शवविच्छेदनाचा कागद?" कागद कुठला? मग म्हणाले, रक्ताच्या सगळ्या माणसांना तपासून घ्या; काका, चुलत भावंडं, सगळ्यांना. रोहिणीची कबड्डी सुटली. रोज गोळी घेते, चिडते, भांडते. म्हणजे हजर आहे.

सरांचा मुलगा आदर्श मागच्या रांगेत बसलाय. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करतो, रविवारी कबड्डी खेळतो. मी घरी चारदा विषय काढला. सर म्हणाले, "त्याचं लग्न जमवायचं हाय नूतन. असला कागद घरात आला तर पोरगी कोण देईल?"

भावोजी, मलाही दिलीच होती की या घरात.

शाळेला तुम्ही चौतीस वर्षं दिलीत, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. आयोजकांनी बोलू दिलं, त्यांचेही आभार. या प्रसंगाला न शोभणारं बोलले, अध्यक्षांनी मोठ्या मनाने क्षमा करावी.

एकच मागणं राहिलंय. सोमवारी सकाळी नऊला रोह्याच्या दवाखान्यात तुमचा आणि आदर्शचा नंबर लावलाय. ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, तासाभराचं काम. तुम्ही आत्ताच तोंड फिरवलंत, म्हणजे उत्तर मला मिळालं. तरी चारचौघांत पदर पसरते. तुम्ही नाही आलात तरी चालेल, भावोजी. पोराला पाठवा.