गुडघ्यांचं निमित्त

…नाही नाही, बूट राहू देत. फरशी मला पुसायचीच आहे. थोड्या वेळात बायका येतील, त्यांच्या बुटांचा बर्फ वितळून इथं दर मंगळवारी तळं होतं, त्यात तुमच्या दोन पावलांचं काय एवढं. मशीन आहे तिथंच आहे, तळघरात, तुम्ही शनिवारी ठेवून गेलात तस्संच. हात लावला नाही मी. वरची धूळसुद्धा झटकली नाही — आणि आर्डिस ट्वेट धूळ बघून गप्प बसली असं गावात सांगाल तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. जा, घेऊन या. दिव्याचं बटण डाव्या हाताला. मी इथं वरच थांबते — गुडघे हो, गुडघे. जिना उतरवत नाही मला.

आलात? बसा. तिथं नको, ते स्टूल डगमगतं, ह्या मोठ्या खुर्चीत बसा. हो, स्वयंपाकघरात एवढी गुबगुबीत खुर्ची कशाला, सगळेच विचारतात. माझ्या नवऱ्याची होती, नॉर्व्हलची. कॉफी देऊ? — नको? अर्धा कप? — बरं, नको. पण आता तिसऱ्यांदा विचारते, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणायचं नसतं, तुमच्या आईनं शिकवलं असेलच. घ्या. लिंबाच्या वड्या बायकांसाठी केल्यात, पण एक उचललीत तर कळणार नाही कुणाला. हं. आता सांगा. किती? — चौदा. — ऐकू आलं हो, ऐकू आलं. चौदा. म्हणजे चारच्या खाली हवा आणि आलाय चौदा. — चार मला कसं माहीत? तुम्हीच सांगितलंत ना शनिवारी. — नव्हतं सांगितलं? मग कुठंतरी कानावर पडलं असेल. आयोवात राहतो आपण, इथल्या मातीतूनच येतो तो रेडॉन वायू, ना वास ना रंग, आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला की फुप्फुसाचा कॅन्सर. रेडिओवर सांगतात की मक्याचे भाव सांगायच्या आधी. वडी जास्त गोड झालीय का?

— शनिवारी संध्याकाळी आकडा एकदम खाली गेला? मशीनला तेही कळतं होय. ते — मांजर. मांजराला बाहेर जायचं होतं म्हणून खिडकी… असं बघू नका. बरं, नाहीये माझ्याकडं मांजर. होतं, मेलं बिचारं. खिडकी मी उघडली. तुम्ही दारंखिडक्या बंद ठेवा म्हणून बजावलंत, माझी सही घेतलीत, आणि तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी मी खाली गेले — हो, गेले, जाता येतं जायचं म्हटलं तर — आणि तळघराची खिडकी सताड उघडली. बाहेर पापण्या गोठतील अशी थंडी. म्हटलं, काय जायचं ते जाऊ दे बाहेर. पण शेजारी आमचा डेल्मर. बर्फ उडवायचं यंत्र घेऊन तो आधी स्वतःचा रस्ता साफ करतो, मग माझा, न सांगता, नॉर्व्हल गेल्यापासून. त्याला दिसली उघडी खिडकी. त्याला वाटलं, म्हातारी विसरली, आता नळ गोठून फुटणार. बर्फात गुडघे टेकून बसला आणि बाहेरून लावून टाकली खिडकी. वर फटीला चिकटपट्टी मारली, वारा शिरू नये म्हणून. मग दार वाजवून सांगायला आला, काळजी करू नकोस आर्डिस. आता काय म्हणायचं अशा माणसाला? थँक्यू म्हटलं. अर्धा केक बांधून दिला. त्याच्यासमोर पुन्हा उघडता येते का खिडकी? राहिली बंद. हसलात तरी चालेल. मीच हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

काय म्हणता, नीट होतं सगळं? — हो, पाइप आणि पंखा. जमिनीला भोक पाडायचं, खालची हवा खेचायची, छपराच्या वर सोडून द्यायची. एका दिवसाचं काम, ठाऊक आहे. घर घेणारेही अडून बसायचे नाहीत, भली पोरं आहेत, मूल व्हायचंय त्यांना, खाली खेळायची खोली करायचीय. पाइप लावून द्या म्हणतील, देईन लावून. खर्चाचं नाही हो काही. पण तो पाइप — बाहेरूनच न्यावा लागतो का? भिंतीवरून, छपरापर्यंत? पांढरा? कोटांच्या कपाटातून आतल्या आत नाही का नेता येणार? निदान रंग तरी, घर हिरवं आहे तसा हिरवा? — नाही, घर कुरूप दिसेल म्हणून नाही. मला मार्चमध्ये मुलीकडं जायचंय, रोचेस्टरला, मागं घर कसं दिसतंय मला काय त्याचं. पण तो पाइप कशाचा असतो हे ह्या गावात पोराटोरांनाही कळतं. गाडी आत वळवली की समोरच दिसणार. मग त्या विचारतील, आर्डिस, किती होता गं आकडा? आणि — तुला कधी कळलं?

त्या म्हणजे आमच्या गोधडीवाल्या बायका. चर्चच्या तळघरात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षापासून दर मंगळवारी माझ्याकडंच बसतात. मीच पुढं होऊन म्हटलं होतं, माझ्याकडं या. आमच्यासारखं तळघर गावात नाही, बघितलंत ना तुम्ही — नॉर्व्हलनं लाकडाच्या भिंती केल्या, गालिचा घातला, खालच्यासाठी वेगळा हीटर बसवला. फार मिरवायची मी त्या तळघरावरून. मोठी चौकट मांडून चारी बाजूंनी बसायचं, जुन्या शर्टांचे, पडद्यांचे तुकडे जोडायचे, दोऱ्यानं गाठी मारायच्या, गावातल्या प्रत्येकाची कुंडली मांडायची. गोधड्या खोक्यांत भरून जातात मग, जिथं लढाई, जिथं भूकंप, तिथं. पास्टर म्हणतात, तुम्ही ऊब पाठवता. ऊब. सगळा हिवाळा, सकाळी येतात त्या दुपार कलेपर्यंत तिथं, खिडक्या घट्ट बंद.

— कसला चौकोन? — पाहिलात होय. गालिच्यावर, टीव्हीच्या कोपऱ्यात, रंग उडालेला नाही तिथं. हो, होतं तिथं काहीतरी. तुम्ही त्यातच बसलायत. — उठू नका हो, बसा, तुमची काय चूक. हीच ती खुर्ची. हिच्यात बसून मी रोज संध्याकाळी खाली विणायची, बातम्या बघायची. गेल्या हिवाळ्यात वर आणली. डेल्मरनंच आणली, पाठीवर घालून. का आणली? गुडघे. सगळ्यांना तेच सांगितलंय. तुम्हालाही तेच सांगितलं.

तो खण उघडा. तुमच्या हाताशी, चमच्यांचा. चमच्यांच्या खाली. फडक्यात गुंडाळलेलं. — हो. तुमच्या मशीनचं पिल्लू. मुलीनं दिलं नाताळला, ह्या नाही, त्याच्या आधीच्या. ती दवाखान्यात नोकरीला असते, तिला असल्याच भेटी सुचतात — पडलीस तर दाबायचं बटण, धुराचा भोंगा. तिचं मन राखायला म्हणून ठेवलं तळघरात. काही दिवसांनी बघते तर बारा. मग तेरा. म्हटलं बिघडलेलं असेल. वर आणून इथं टेबलावर ठेवलं, तर तीन. म्हणजे बिघडलेलं नव्हतं. मग काय केलं मी? टीव्ही वर आणला. खुर्ची वर आणली. लोकरीची टोपली वर आणली. गोधडीची चौकट मोठी, ती वर मावत नाही, ती राहिली खाली. आणि बायका राहिल्या खाली.

सांगणार होते हो. पहिल्याच मंगळवारी सांगणार होते. पण त्या दिवशी आमच्यातल्या बर्नाडीनच्या नातीचं लग्न ठरलं होतं, ती इतकी आनंदात होती, म्हटलं आज नको. पुढच्या मंगळवारी पास्टर आले. आणि दोन मंगळवार गेले ना, की तिसऱ्या मंगळवारी नुसतं रेडॉनचं सांगून भागत नाही, आधीचे दोन मंगळवारही सांगावे लागतात. चौथ्या मंगळवारी तीन. असं करत करत वर्ष गेलं. आता बायका खाली शिवतात, मी वर कॉफी करते आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून गप्पा मारते. त्या म्हणतात, तू उतरू नकोस आर्डिस, आम्ही आहोत ना. लव्हॉनच्या नवऱ्यानं जिन्याला दुसरा कठडा बसवला, माझ्यासाठी, बघितलात ना, नवाकोरा आहे. बर्नाडीन डबा आणून देते, मी चुलीपाशी उभी राहू नये म्हणून. आणि चर्चमध्ये — रविवारी आजारी माणसांची नावं वाचतात, त्यांच्यासाठी प्रार्थना असते — तर पास्टरनी वाचलं, ऑर्व्हिलचं हृदय, आणि आर्डिस ट्वेटचे गुडघे. सगळ्या चर्चनं माना खाली घातल्या माझ्या गुडघ्यांसाठी. मीपण घातली. काय करणार? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि तरी बाहेर आल्यावर कुणी विचारलं, आता कसं वाटतंय, तर म्हटलं, थोडा उतार आहे.

हे बघा, पायात. लोकरीचे पट्टे, गुडघ्यांवर चढवायचे. वर्लानं विणलेत. तिची आणि माझी शाळेपासूनची मैत्री. ती ट्रेलरात राहते, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, तिथं वारा भणभणतो, म्हणून ती इतर दिवशीपण येते, खाली चौकटीशी एकटीच बसते, ऊब असते ना खाली. किल्ली आहे तिच्याकडं. मीच दिली होती, हे कळायच्या आधी. कळल्यावर परत मागितली नाही. मागितली तर ती का विचारणार. वर्लाला खोकला आहे. सप्टेंबरपासून. आयुष्यात सिगारेट ओढली नाही बाईनं. गुरुवारी छातीचा फोटो काढणार आहेत. डॉक्टर विचारतील, घरी काही, कामावर काही, आणि ती म्हणेल, छे हो, मी कुठं जाते, आर्डिसकडं गोधड्या शिवायला तेवढी जाते.

— मला कळतं ते, साधा खोकलाही असेल. असू दे ना साधा. रोज तेच मागते मी. पण तुम्ही असं हळू आवाजात बोलू नका हो माझ्याशी. दोन शब्द सुनावलेत तर बरं वाटेल मला. तुमच्याकडं रोज माणसं खिडक्या उघडत असतील, घर विकायचं म्हणून. मी घरासाठी नाही उघडली. आकडा चारच्या खाली आला असता ना, तर मी स्वतःला सांगितलं असतं की पिल्लू खोटं बोलत होतं, आणि गुडघे घेऊन निघून गेले असते रोचेस्टरला. इतकं सोपं आहे मला स्वतःला फसवणं. तुम्हाला का सांगते आहे हे? तुम्ही कोण माझे? म्हणूनच सांगते आहे बहुतेक.

गाडीचं दार वाजलं ना? आल्या. आज लवकर आल्यात. उठा, मागच्या दारानं — तिकडं बर्फ आहे पण — नाही. थांबा. पुढच्याच दारानं जा. आणि मशीन पिशवीत घालू नका, हातात धरा, असं, दिसेल असं. वर्ला विचारेल हे काय आहे, तिला काहीही विचारायची सवय आहे. तुम्ही सांगायचं नाही. माझ्याकडं बोट दाखवायचं आणि चालू लागायचं. पाइप बाहेरूनच लावा. पांढराच. कप राहू दे, मी विसळते. जा. जा आता.

या गं, या. बूट राहू देत. — वर्ला, खाली नको जाऊस. कुणीच नका जाऊ खाली, आज इथंच बसा. — नाही, मदत नको, कॉफी झालीय. तू ह्या खुर्चीत बस. — नाही गं वर्ला. गुडघे नाही दुखत. गुडघ्यांना काहीच झालेलं नाही माझ्या.