कार्डावरचं नाव

अंबडच्या बँकेत रांगेत माझ्यापुढं दोघी शेजारणी होत्या.

“सायली, अगं चोराचा फोन आला! म्हणे, कार्ड बंद पडंल, नंबर सांगा.”

“सांगितला की काय, काकू?”

“सोळाच्या सोळा आकडे! मग म्हणे, कार्डावरचं नाव सांगा.”

“म्हणजे काकांचं?”

“हां! मी कसं घेणार? म्हटलं, आमच्यात मालकाचं नाव घेत नाय. चार येळा इचारलं, मग वैतागून फोनच ठेवला मेल्यानं!”

“अहो, थोडक्यात वाचलात!”

तेवढ्यात काउंटरवरून आवाज आला.

“मावशी, कार्ड बंद करायचंय ना? नाव सांगा खातेदाराचं.”

“अगं बाई! आता गं?”

“उखाणा घ्या, काकू! लवकर!”

“चोरानं इचारलं, तवा बसले मी गप्प,
सावळीरामरावांचं कार्ड, सायेब, करा आता ठप्प!”