शीतलने घातला खो

...आणि सांगितलं कोणी? शीतलने! नाही, तुम्हाला सांगते, परक्या कुणी सांगितलं असतं ना, तर आमच्या संघमित्राने सोडून दिलं असतं. पण शीतलने? शाळेपासून जिच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हटलं, जिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पोचवले, त्या शीतलने!

झालं काय, मुलुंडला चाळिशीपुढच्या बायकांची खो-खो स्पर्धा. आमचा घाटकोपरचा संघ, कॅप्टन संघमित्रा. ही एके काळी राज्याकडून खेळलेली, आजही विमा कंपनीतून सुटली की थेट मैदानावर. आणि आयोजकांनी काढलं नवीन खूळ, खेळायच्या आधी म्हणे हृदय तपासून या! "माझं हृदय? अगं, अजून सूर मारते मी!" म्हणत गेली हसत. सोबतीला कोण? शीतल!

डॉक्टरीणबाई शांत. "धावताना कधी चक्कर, शुद्ध हरपणं?"

"छे!"

"घरात कमी वयात कुणी अचानक गेलंय?"

"नाही हो!"

आणि बाजूच्या खुर्चीवरून... "मॅडम, खोटं बोलतेय ही. मागच्या रविवारी धावता धावता पडली, डोळे फिरवले, मीच तोंडावर पाणी मारलं. आणि हिचे बाबा चाळिशीत गेले, बसस्टॉपवर, उभ्या उभ्या!"

कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलेली हो तिला! "ऊन लागलेलं गं ते!" संघमित्रा किंचाळली.

"संध्याकाळ होती," शीतल म्हणाली. बघा! आणि हे कोण बोलतंय? शीतल!

मग काय, ईसीजीत गडबड, मग ते छातीवर यंत्र फिरवून इको, आणि बाई पडद्यावर पुन्हा पुन्हा मापं घेतायत... हृदयाची भिंत जाड आहे म्हणे, बहुतेक बाबांकडूनच आलेली. धावताना ठोके भरकटले तर माणूस जागच्या जागी जातो. गोळ्या सुरू, खो-खो बंद, आणि मुलीलाही तपासून घ्या.

घरी येऊन रडली? नाव नको! आधी शीतलला ब्लॉक केलं. नवऱ्याला म्हणते, "हृदयाचं मी समजू शकते रे आकाश, ते बाबांचं आहे. पण शीतल?" बिचारा म्हणायला गेला, "अगं, पण तिच्यामुळेच तर तू..." दोन दिवस बिनफोडणीची डाळ खाल्ली त्याने!

पोरीचा इको चांगला आला, त्या दिवशी मात्र बाथरूममध्ये नळ सोडून रडली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कोण? बूट घालून, निर्लज्जासारखी... शीतल! "डॉक्टरांनी हळू चालायला सांगितलंय ना? चल."

ही बोलणार नव्हतीच हो! पण डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, चालताना बोलत राहायचं, बोलता येईनासं झालं की तिथेच थांबायचं. मग आता काय, रोज सकाळी आमच्या कॉलनीला फेऱ्या मारताना ही बाई शीतलला शिव्या घालते. "दगाबाज, चोंबडी, घरभेदी..." सगळ्या बिल्डिंगा ऐकतात! मी परवा शीतलला म्हटलं, "अगं, तुला काहीच कसं वाटत नाही?"

तर म्हणते, "घालू दे गं. गप्प झाली की मला धडकी भरते."